शोकात असलेल्या खेळाडूचा खेळ ढासळतो, तेव्हा चाहत्याने काय करावे?

रामबागकर

प्रश्न सरळ आहे, परंतु आमच्या इंदूरच्या मंडळीत त्यावरून दोन तट पडले आहेत, म्हणून तो येथे सर्वांसमोर मांडतो.

आम्ही काही मराठी मंडळी लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचे सामने एकत्र पाहतो. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा भागांतून काही जण एका मित्राच्या घरी जमतात आणि बाकीचे व्हॉट्सॲपच्या गटावर लिहीत असतात. ३ जुलै २०२५ रोजी लिव्हरपूलचा खेळाडू दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा स्पेनमधील मोटार अपघातात गेले, तेव्हा त्या गटावर कोणाला काही सुचत नव्हते. जोटाच्या लग्नाला जेमतेम ११ दिवस झाले होते आणि तो तीन मुलांचा बाप होता. त्याच गटावर नोव्हेंबरात जे वाचले त्याने मी अस्वस्थ झालो. सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरअखेरीपर्यंत संघाने १२ पैकी ९ सामने गमावले. त्यातला पीएसव्ही आइंडहोवनविरुद्धचा सामना घरच्या अॅनफिल्डवर ४-१ असा गेला आणि आपल्याकडे पहाट होत असताना एका तरुण सभासदाने संघातला जोटाचा सहकारी मोहम्मद सालाहविषयी लिहिले, "मित्र गेल्याचे निमित्त अजून किती महिने पुरवणार?" त्यापुढचे येथे देण्यासारखे नाही.

सालाहने आदल्या हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २९ गोल केले, १८ करून दिले आणि विजेतेपद मिळवून दिले. जोटा गेल्यावर त्याने जाहीरपणे लिहिले होते की सुट्टीनंतर लिव्हरपूलला परतण्याची आपल्याला भीती वाटेल, असे त्याच्या कधी मनातही आले नव्हते. १५ ऑगस्टला बोर्नमथविरुद्धचा सामना जिंकल्यावर तो प्रेक्षकांसमोर उभा राहून रडला, हे आपण सर्वांनी पाहिले.

त्याचा खेळ दुःखामुळे ढासळला, वयामुळे की संघाची रचना बदलल्यामुळे, याचा निवाडा मला करायचा नाही. अशा खेळाडूविषयी बोलताना चाहत्याने कोठपर्यंत जावे आणि कोठे थांबावे, एवढेच मला विचारायचे आहे. त्या सभासदाला गटातून काढावे, असे काहींचे म्हणणे आहे. तुम्हाला काय वाटते?


तिकीट खिडकी

रामबागकर, तुमची कळकळ समजते, परंतु मी थोडे विरुद्ध बोलणार आहे.

व्यावसायिक खेळाडूला मोठा मोबदला मिळतो आणि तो प्रेक्षकांच्या पैशातून मिळतो. इंग्लंडमधला कामगार वर्षभराचे तिकीट काढतो, पावसात बाहेरगावच्या सामन्यांना जातो आणि संघाच्या हारजितीशी त्याचा आठवडा बांधलेला असतो. त्याने चुकलेल्या पासवर ओरडू नये, अशी अपेक्षा केली तर मैदानाचे नाट्यगृह होईल. खेळाडू शोकात असेल तर त्याला विश्रांती देणे हे प्रशिक्षकाचे आणि क्लबचे काम आहे. त्याला अकरा जणांत उतरवले, म्हणजे तो खेळण्याच्या स्थितीत आहे असे क्लबनेच सांगितले. मग त्याच्या खेळाचे माप इतरांच्याच पट्टीने व्हायला हवे.


अबोली

तिकीट खिडकी, "पास चुकला" हे खेळाचे माप झाले. "मित्राच्या मरणाचे निमित्त करतो" हे कशाचे माप आहे, ते मला सांगा.


सुरसागर

मी बडोद्याचा, आणि आमच्याकडे क्रिकेट हाच श्वास, म्हणून उदाहरण क्रिकेटचे देतो. १९९९ च्या विश्वचषकात १९ मे रोजी सचिन तेंडुलकरचे वडील गेले. तो मुंबईला आला, अंत्यसंस्कार केले, आईच्या सांगण्यावरून परत गेला आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा केल्या. विराट कोहलीने डिसेंबर २००६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, वडील गेल्याच्या सकाळी रणजी सामन्यात दिल्लीसाठी पुन्हा फलंदाजीला जाऊन ९० धावा केल्या. दुःख पोटात घालून खेळणारे खेळाडू असतात आणि आपण त्यांना उगाच डोक्यावर घेत नाही.


नर्मदातीर

सुरसागर, तुमच्या दोन्ही उदाहरणांपुढे मीही मान झुकवते. परंतु त्यांचा उपयोग आपण कसा करतो, याची मला चिंता वाटते. ब्रिस्टलचे शतक हे एका माणसाच्या मनाचे एका दिवसापुरते बळ होते. आपण त्याची पट्टी करून ठेवली आहे आणि पुढे ज्याच्या घरी मृत्यू होईल त्या प्रत्येकाला तिने मोजतो आहोत. त्या दिवशी सचिन शून्यावर बाद झाला असता, तर त्याचे वडिलांवरचे प्रेम तेवढेच राहिले असते आणि परत येण्याचा निर्णयही तितकाच धैर्याचा ठरला असता. मग आपण गोष्ट फक्त शतकाचीच का सांगतो? ज्यांचे शोकातले दिवस अपयशाचे गेले, अशा खेळाडूंची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत, कारण त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

दुसरे असे की शोकाला पंचांग नसते. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी स्कॉटलंडने डेन्मार्कला ४-२ असे हरवून १९९८ नंतर प्रथमच विश्वचषक गाठला. स्कॉटलंडचा कर्णधार आणि लिव्हरपूलमधला जोटाचा सहकारी अँडी रॉबर्टसनच्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस असायला हवा होता. सामन्यानंतर त्याने सांगितले की दिवसभर जोटा त्याच्या डोक्यातून जात नव्हता. विश्वचषकाला जाण्याविषयी ते दोघे नेहमी बोलत असत. साडेचार महिने उलटले होते आणि संघ जिंकला होता, तरीही त्याची ही अवस्था होती. सामना हरल्यानंतरच्या रात्री त्याच घरी काय होत असेल, याचा विचार मी करते.

आपल्याकडे ज्या घरात मृत्यू झाला असेल तेथे चूल पेटत नाही आणि शेजारून पिठले-भात येतो. तो घेऊन जाणारा माणूस "किती दिवस आणू?" असे विचारत नाही. मैदानावर तेवढा समजूतदारपणा आपल्याला का जमू नये?


सुरसागर

नर्मदाताई, पट्टीचा मुद्दा मान्य. मला आता मोहम्मद सिराज आठवतो आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तो ऑस्ट्रेलियात असताना हैदराबादला त्याचे वडील गेले. ते रिक्षा चालवत असत. सिराज परत न येता तेथेच थांबला, मेलबर्नला त्याने कसोटी पदार्पण केले आणि जानेवारीत ब्रिस्बेनला डावात ५ बळी घेतले. पण मधल्या सिडनी कसोटीत, राष्ट्रगीताच्या वेळी त्याचे डोळे भरून आले होते त्याच सामन्यात, सीमारेषेवर त्याला प्रेक्षकांकडून शिवीगाळ झाली. खेळ थांबवावा लागला आणि काही प्रेक्षकांना बाहेर काढावे लागले. तेव्हा आपण सर्व संतापलो होतो. तो संताप मात्र आपला खेळाडू होता म्हणून होता, हेही तितकेच खरे.


जुना होळकर

वयामुळे मला रात्रीचे फुटबॉल पाहणे जमत नाही, परंतु या विषयावर इंदूरच्या माणसाने बोलले पाहिजे. आपल्या शहरात याचा पुरावा सिमेंटमध्ये उभा केलेला आहे.

१९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, तेव्हा इंदूरने कौतुकाने सिमेंटची प्रचंड बॅट उभारली. गावात तिला विजय बल्ला म्हणतात. १९७४ मध्ये तोच कर्णधार इंग्लंडमध्ये ३-० असा हरला आणि लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत आटोपला. तेव्हा मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली आणि इंदूरमध्ये हीच बॅट विद्रूप करण्यात आली. वाडेकर त्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळले नाहीत. त्या वेळी त्यांच्या घरी कोणाचा मृत्यू झाला नव्हता, त्यामुळे हे उदाहरण तुमच्या प्रश्नावर तंतोतंत बसत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की लिव्हरपूलच्या लोकांविषयी बोलताना आपण फार दूरचे काही बोलत नाही आहोत. ती बॅट उभारणारे याच गावचे होते आणि तिला काळे करणारेही याच गावचे होते.


पोहे-जिलेबी

होळकर काका, नेहरू स्टेडियमकडून शेकडो वेळा गेलो, पण ही दुसरी बाजू आज कळली. कृपया यावर स्वतंत्र धागा काढा.


महूचा गोलकीपर

मी महूच्या मैदानांवर अनेक वर्षे गोलमध्ये उभा राहिलो आहे, म्हणून या प्रश्नाकडे थोड्या वेगळ्या जागेवरून पाहतो. गोलकीपरच्या पाठीमागे प्रेक्षक अगदी जवळ असतात. पुढे खेळणाऱ्याला गलका ऐकू येतो, गोलकीपरला वाक्ये ऐकू येतात. माझे वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत चेंडू माझ्या हातांतून निसटून आत गेला आणि मागून कोणीतरी वडिलांचा उल्लेख करून ओरडले. तो सामना कोण जिंकले ते आज मला आठवत नाही, ते वाक्य आठवते.

आता रॉबर्ट एंकेविषयी लिहितो. प्रत्येक चाहत्याला त्याची कथा ठाऊक असावी. तो जर्मनीचा गोलकीपर होता. २००३ मध्ये तो तुर्कस्तानात फेनरबाचेकडून पहिलाच सामना ३-० असा हरला, तेव्हा त्याच्याच संघाच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर बाटल्या आणि लायटर फेकले. तो पुन्हा त्या क्लबकडून खेळला नाही. पुढे हानोफरला तो स्थिरावला, लोकांचा लाडका झाला आणि राष्ट्रीय संघात पोहोचला. २००६ मध्ये त्याची दोन वर्षांची मुलगी लारा जन्मजात हृदयविकाराने गेली. आठवडाभराच्या आत तो पुन्हा गोलमध्ये उभा होता आणि सर्वांनी त्याच्या मनोधैर्याची स्तुती केली. त्याला अनेक वर्षे नैराश्याचा आजार होता. तो त्याने जगापासून लपवला, कारण हे बाहेर आले तर दत्तक घेतलेली दुसरी मुलगी आपल्यापासून काढून घेतली जाईल, अशी भीती त्याला वाटत होती. १० नोव्हेंबर २००९ रोजी त्याने स्वतःचे आयुष्य संपवले. त्याची शवपेटी हानोफरच्या मैदानाच्या मध्यवर्तुळात ठेवली होती आणि हजारो माणसांनी स्टेडियम भरले होते. पुढे त्याच्या नावाने स्थापन झालेली संस्था नैराश्यावर आणि मुलांच्या हृदयविकारांवर काम करते.

प्रेक्षकांनी त्याला मारले, असे मी मुळीच म्हणत नाही. आजार हा आजार असतो आणि हानोफरच्या लोकांनी त्याला भरभरून प्रेम दिले होते. परंतु फेनरबाचेच्या त्या रात्री लायटर फेकणाऱ्याला गोलमध्ये उभा असलेला माणूस कोणत्या अवस्थेत आहे, याची काडीइतकी माहिती नव्हती.


तिकीट खिडकी

गोलकीपर दादा, तुमच्या वडिलांविषयी वाचून फार वाईट वाटले. असे ओरडणाऱ्याचे मी कधीही समर्थन करणार नाही.

परंतु तुमच्या शेवटच्या वाक्यातच माझी अडचण आहे. प्रेक्षकाला माहीत नव्हते. मग त्याने करायचे काय? प्रत्येक वाईट खेळामागे काहीतरी दुःख असेल असे धरून चालायचे का? सालाहचे आपल्याला कळले, कारण जोटा प्रसिद्ध होता. ज्याची आजी गेली, ज्याचा संसार मोडला, त्याचे आपल्याला कसे कळणार?


नर्मदातीर

कळणार नाही. म्हणूनच कारण कळण्यावर आपले वागणे अवलंबून ठेवू नये, असे मला मनापासून वाटते. "आधी कारण सांग, मग आम्ही सौम्य होतो" अशी अट घातली की खेळाडूला आपल्या दुःखाचा दाखला चव्हाट्यावर मांडावा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये रिशार्लिसन ब्राझीलकडून खेळताना बदली झाल्यावर बाकावर बसून रडला. त्यानंतर त्याने मैदानाबाहेरच्या अडचणींविषयी आणि मानसोपचाराची मदत घेण्याविषयी उघड सांगितले. काही दिवसांनी टॉटनहॅमकडून शेफील्ड युनायटेडविरुद्ध भरपाईच्या वेळेत त्याने बरोबरीचा गोल केला आणि संघ २-१ असा जिंकला, तेव्हा सर्वांना गहिवरून आले. तो बोलला हे चांगलेच झाले. पण बोलण्याआधी जगभरात त्याची जी टवाळी चालली होती, ती बोलल्यामुळे चुकीची ठरली का? माझ्या मते ती आधीपासूनच चुकीची होती.


सराफा ते अॅनफिल्ड

मी लिव्हरपूलचा कट्टर चाहता आहे, त्यामुळे आमच्या लोकांचे चांगले आणि वाईट दोन्ही मांडतो.

१८ एप्रिल २०२२ रोजी क्रिस्तियानो रोनाल्डोचा नवजात मुलगा गेला. दुसऱ्या दिवशी मँचेस्टर युनायटेडचा सामना अॅनफिल्डवर होता आणि रोनाल्डो अर्थातच आला नव्हता. त्याच्या जर्सीचा क्रमांक ७, म्हणून सातव्या मिनिटाला संपूर्ण स्टेडियमने उभे राहून एक मिनिट टाळ्या वाजवल्या आणि आपल्या क्लबचे गीत त्याच्यासाठी गायले. या दोन शहरांचे वैर ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या मिनिटाची किंमत कळेल. रोनाल्डोने नंतर जाहीरपणे आभार मानले.

स्पेनमधले उदाहरण मला याहूनही मोठे वाटते. ऑगस्ट २००९ मध्ये एस्पान्योलचा कर्णधार दानी हार्के हृदयविकाराने अचानक गेला. बार्सिलोनाचा आंद्रेस इनिएस्टा त्याचा मित्र होता, आणि त्या काळात तो स्वतः नैराश्यातून जात होता. ११ जुलै २०१० रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात विजयी गोल केल्यावर त्याने जर्सी वर केली, तेव्हा आतल्या सदऱ्यावर हार्केचे नाव होते. डिसेंबरमध्ये तो एस्पान्योलच्या मैदानावर गेला. बार्सिलोनाने तो सामना ५-१ असा जिंकला, तरी एस्पान्योलच्या प्रेक्षकांनी शहरातल्या शत्रुसंघाच्या या खेळाडूला उभे राहून मानवंदना दिली.

आता वाईट. अॅनफिल्डवर २०२५-२६ च्या हंगामात विसाव्या मिनिटाला जोटासाठी गाणे होते, कारण त्याच्या जर्सीचा क्रमांक २० होता आणि क्लबने तो कायमचा निवृत्त केला आहे. त्याच सामन्यांत साठाव्या मिनिटाला, जोटाबरोबर वर्षानुवर्षे कपडे बदलण्याच्या खोलीत बसलेल्या खेळाडूंवर त्याच लोकांचा संताप निघतो. एक मिनिटाची टाळी ही सोपी गोष्ट आहे, कारण त्या मिनिटाला आपले काही जात नाही. खरी परीक्षा चौथ्या महिन्यात, संघ हरत असताना होते, आणि या परीक्षेत आम्ही कमी पडलो असे मला वाटते.


अबोली

साठाव्या मिनिटाविषयीच्या या परिच्छेदाला माझे पूर्ण अनुमोदन.


तिकीट खिडकी

सराफा, तुमचा मुद्दा मला पटला, विशेषतः चौथ्या महिन्याचा. तरी एक गोष्ट नोंदवतो. दयेचाही खेळाडूला त्रास होऊ शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये लिव्हरपूलच्याच अॅलिसनचे वडील ब्राझीलमध्ये बुडून गेले. त्याआधी दोन सामन्यांत त्याच्याकडून मोठ्या चुका झाल्या होत्या. साथीच्या निर्बंधांमुळे त्याला अंत्यविधीलाही जाता आले नाही. १६ मे रोजी वेस्ट ब्रॉमविरुद्ध अखेरच्या क्षणी गोलकीपर असूनही पुढे जाऊन त्याने डोक्याने गोल केला आणि सामना २-१ असा जिंकून दिला, आणि देवाजवळ बसलेले वडील हे पाहत असतील, असे तो रडत म्हणाला. त्याला त्या काळात कोणी "बिचारा" म्हणून संघाबाहेर बसवले असते, तर हा क्षण त्याला मिळालाच नसता. खेळाडूला खेळाडू म्हणूनच वागवणे, त्याच्याकडून अपेक्षा ठेवणे, हाही आदरच आहे.


महूचा गोलकीपर

यावर माझा तुमच्याशी वाद नाही. वडील गेल्यावर मला "तू घरी बस" म्हणणाऱ्यांपेक्षा "सरावाला ये" म्हणणारा कप्तान जवळचा वाटला. अपेक्षा ठेवा, चूक झाली तर चूक म्हणा. मागून जखमेवर बोट ठेवू नका, इतकेच मागणे आहे.


पहाटेचा सामना

ज्या सभासदाविषयी हा धागा काढला आहे तो मी. सर्व प्रतिसाद वाचले.

मी येथे कोणाचे मन वळवायला आलो नाही, परंतु माझी बाजू मांडली जावी असे वाटते. सालाहला काही सामने बाहेर बसवावे, त्याच्या बाजूने संघाचा बचाव उघडा पडतो, हे माझे मत आजही तसेच आहे आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते पुन्हा लिहीन. गटावर मला गप्प करण्यासाठी जोटाचे नाव वापरले जात होते. "तो शोकात आहे, त्याच्यावर बोलू नकोस" असे मला प्रत्येक वेळी ऐकवले जाई, मी डावपेचांविषयी लिहिले तरीही. मृत माणसाच्या नावाची ढाल करणे हेही मला त्या माणसाच्या आदराचे वाटत नाही. गोलकीपर काकांचे वाक्य मात्र मी जपून ठेवतो आहे. गटावर मित्राविषयी किंवा घरच्यांविषयी काही लिहिले जाऊ नये, असा नियम करा. मी तो पाळीन आणि इतरांनाही पाळायला लावीन.


रामबागकर

तू स्वतः येऊन लिहिलेस, याचा मला आनंद झाला. ढालीचा तुझा मुद्दा योग्य आहे आणि तो माझ्या मूळ प्रश्नात आला नव्हता. तुला काढण्याचा विषय माझ्यापुरता संपला. गटावर मी असे लिहिणार आहे: खेळावर काय वाटेल ते बोला, बाहेर बसवा म्हणा, विका म्हणा. खेळाडूच्या घरातला मृत्यू, आजार, मुलेबाळे यांवर एक अक्षर नको, आणि कोणी खेळावर बोलत असेल तर त्याला गप्प करण्यासाठीही त्या गोष्टींचा वापर नको. काही राहिले असेल तर सुचवा.


नर्मदातीर

"आपल्या खेळाडूच्या" असे लिहिलेले नाही, हे चांगले. तरी "कोणत्याही संघाच्या" असे शब्द स्पष्ट घाला. १५ ऑगस्टच्या ज्या सामन्याचा तुम्ही सुरुवातीला उल्लेख केलात, त्यात जोटासाठी सारे स्टेडियम रडत होते आणि त्याच सामन्यात बोर्नमथच्या अँटोनी सेमेन्योला एका प्रेक्षकाने वर्णद्वेषी शिव्या दिल्या. पंचांनी खेळ थांबवला, त्या माणसाला बाहेर काढण्यात आले आणि सेमेन्योने त्यानंतर दोन गोल केले.


सराफा ते अॅनफिल्ड

अनुमोदन. "आणि कोणाच्या वर्ण, धर्म, देशावर नको" हेही त्यातच जोडा.


रामबागकर

दोन्ही जोडले. शनिवारचा सामना रात्री साडेआठला आहे. नियम त्याआधी गटावर येईल.